टेरी टॉवेल युनिटचं शाश्वतता धोरण: 2030 ची कोणती उद्दिष्टं सहीखाली घालावीत?

टॉवेल_एक्स्पोर्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. विणाई, यार्न डाईंग, शिलाई सगळं एकाच आवारात. युरोपातल्या खरेदीदाराने लेखी सस्टेनेबिलिटी धोरण मागितलं आहे: आधार वर्ष, उद्दिष्टं, ती गाठायची वाट आणि दरवर्षीचा अहवाल. सल्लागाराने मसुदा दिलाय. त्यातली मुख्य आश्वासनं अशी: 2030 पर्यंत कार्बन उत्सर्जनात 42 टक्के घट, 2040 ला नेट झिरो, 2028 पर्यंत झेडएलडी (सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडणं), पाण्याच्या वापरात 30 टक्के घट, 100 टक्के अक्षय वीज, आणि पॅकिंगवर 'कार्बन न्यूट्रल टॉवेल' असा शिक्का.

2024-25 ची महिन्याची सरासरी देतो. तयार माल 75 टन, त्यातलं रंगीत सूत सुमारे 50 टन. वीज 2,10,000 युनिट. कोळसा 130 टन, पुरवठादाराच्या कागदावर जीसीव्ही (किलोमागे उष्णता, किलोकॅलरीत) 4,500. जनरेटरचं डिझेल 1,500 लिटर. पाणी 7,500 हजार लिटर, बहुतेक एमआयडीसीचं, उन्हाळ्यात टँकर. शेडचं छत 48,000 चौरस फूट, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग सिमेंटच्या पत्र्यांचा. ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) आहे, प्रायमरी आणि बायोलॉजिकल. आरओ (क्षार गाळणारं यंत्र) नाही.

यातलं काय झेपेल, काय झेपणार नाही? आणि एकाच कागदावर ही सगळी उद्दिष्टं बसतात का?

हिशेबी

आधी तुमचे आकडे कार्बनमध्ये बदलून घेऊ, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

वीज वर्षाला 25,20,000 युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिडचा गुणांक अलीकडच्या आवृत्त्यांत युनिटला 0.71 ते 0.73 किलो आहे. 0.727 धरला तर 1,832 टन. हा स्कोप 2, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन. कोळसा वर्षाला 1,560 टन. 4,500 जीसीव्हीच्या कोळशाला टनामागे साधारण 1.7 टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 2,652 टन. डिझेल 18,000 लिटर, लिटरला 2.68 किलो, म्हणजे 48 टन. हे दोन स्कोप 1, म्हणजे आवारात जाळलेल्या इंधनाचं. एकूण सुमारे 4,530 टन, किलो टॉवेलमागे 5 किलो.

यातला 60 टक्के वाटा एकट्या बॉयलरचा आहे. मसुद्यात सोलरला किती पानं दिलीत आणि बॉयलरला किती ओळी, ते एकदा बघा. आपल्याकडच्या बऱ्याच धोरणांत हे प्रमाण उलटं असतं, कारण पॅनेलचा फोटो चांगला येतो.

आता मसुद्याबद्दल. 42 टक्के हा आकडा जागतिक तापमानवाढ 1.5 अंशावर रोखण्याच्या मार्गाचा आहे: वर्षाला 4.2 टक्के, असं दहा वर्षांचं गणित. आकडा मोठा असला तरी अशक्य नाही, खाली बॉयलरवाले आणि डाईंगवाले बोलतीलच. 'कार्बन न्यूट्रल टॉवेल' हा शिक्का मात्र आजच काढा. युरोपीय संघाचा 2024/825 हा निर्देश 27 सप्टेंबर 2026 पासून लागू होतोय. बाहेरून कार्बन क्रेडिट विकत घेऊन त्या जोरावर मालाला 'न्यूट्रल' म्हणणं ग्राहकांसमोर चालणार नाही. तुमच्यापेक्षा तुमचा खरेदीदार जास्त अडचणीत येईल आणि तो ऑर्डर थांबवेल.

'सीबीएएम (युरोपची आयातीवरची कार्बन आकारणी) लागेल' म्हणून कुणी घाबरवत असेल तर लक्ष देऊ नका. सध्या त्यात लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज आहे, कापड नाही. सेबीचा बीआरएसआर (शाश्वततेचा वार्षिक अहवाल) बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना आहे, तुम्हाला थेट लागू नाही. पॅटची (सरकारी ऊर्जाबचत योजनेची) कापड उद्योगाची मर्यादा वर्षाला 3,000 टन तेलतुल्य ऊर्जेची आहे, तुम्ही तिच्या बरेच खाली आहात. म्हणजे तुमच्यावर दबाव सरकारचा नसून खरेदीदाराचा आहे. त्याला छापील पुस्तिका नको असते, पडताळता येणारा आकडा हवा असतो.

बाष्प_विभाग

कोळशापासून सुरू करतो. 'कागदावर जीसीव्ही 4,500' यावर आधार वर्ष बांधू नका. दर ट्रकमागे वजनकाट्याची पावती आणि दर महिन्याला एका एकत्रित नमुन्याची बॉम्ब कॅलरीमीटर चाचणी, एवढं आधी लावा. पावसाळ्यात कोळशात ओल वाढते, त्याच पैशात उष्णता कमी येते आणि त्या महिन्यांत उगाच वाटतं की बॉयलर बिघडला. वाफेच्या मुख्य लाइनला फ्लोमीटर नसेल तर पहिला खर्च तोच करा. त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता बचत कुठे आहे ते.

कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड टँकचं तापमान दर 6 अंशांनी वाढलं की इंधन 1 टक्क्याने वाचतं. फीड 30 अंशावर जात असेल आणि कंडेन्सेट परत आणून 75 पर्यंत नेलं, तर साडेसात टक्के तिथेच. पण आधी बघा, तुमच्या कॅबिनेट (लडी रंगवायच्या) मशीनमध्ये वाफ थेट पाण्यात सोडता की कॉइलमधून? थेट सोडत असाल तर कंडेन्सेट परत येणारच नाही. ते पाणी रंगाबरोबर नाल्यात जातं, वर लिकर रेशोही (सुताच्या वजनाला पाण्याचं प्रमाण) बिघडतो, कारण वाफेचं पाणी बाथमध्ये मिसळत राहतं. कॉइल बसवणं किंवा बाहेरचा हीट एक्स्चेंजर लावणं हे कार्बन आणि रंगाची शेड दोन्हींच्या भल्याचं आहे. ड्रायरचं कंडेन्सेट मात्र नक्की परत आणता येतं. तिथे चार ड्रायरला मिळून एक ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह) असं दिसलं तर बदला, प्रत्येक ड्रायरला स्वतंत्र ट्रॅप हवा. सामाईक ट्रॅपमध्ये जास्त दाबाचा ड्रायर कमी दाबाच्या ड्रायरचं पाणी अडवतो. मग ऑपरेटर बायपास उघडून ठेवतो आणि जिवंत वाफ दिवसभर वाया जाते.

गळती. 7 किलो दाबाच्या लाइनला 3 मिलिमीटरचं भोक असेल तर ताशी 25 ते 30 किलो वाफ जाते. अशी पाच भोकं म्हणजे तुमच्या वाफेच्या दहा टक्क्यांहून जास्त. तुमची सरासरी ताशी 900 किलोच्या आसपास येते, त्यावरून हिशेब करून बघा.

चिमणी. फ्ल्यू गॅसमध्ये (चिमणीच्या धुरात) ऑक्सिजन किती आहे ते पोर्टेबल अॅनालायझरने मोजा. हाताने कोळसा टाकायच्या बॉयलरला 12-14 टक्के सहज निघतो, 7-8 वर आणता येतो. फायरमन दार उघडं ठेवून मोठे फावडे मारतो तेव्हा थंड हवा आत जाते. थोडा-थोडा, पातळ थराने कोळसा टाकायला शिकवणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे. चिमणीचं तापमान दर 22 अंशांनी उतरलं की 1 टक्का इंधन वाचतं. मात्र कोळशात गंधक असेल तर 140-150 अंशांच्या खाली जाऊ नका, अॅसिड इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेने फीडचं पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या) नळ्या खातं.

हे सगळं धरून 15 टक्के बचत मी सहीखाली घालीन. म्हणजे 398 टन कार्बन कमी.

उरलेल्या कोळशातला अर्धा ब्रिकेटवर (शेतातला टाकाऊ माल दाबून केलेल्या कांड्यांवर) नेता येतो. तेवढ्या उष्णतेला 3,800 जीसीव्हीच्या ब्रिकेट वर्षाला साधारण 800 टन लागतील. आपल्या जिल्ह्यात कच्चा माल आहे: बगॅस, तुराट्या, सोयाबीनचा भुसा, शेंगांची टरफलं. पण बगॅसचा मोठा भाग साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पातच जळतो. गाळप नोव्हेंबर ते मार्चपर्यंत, आणि तुम्हाला इंधन बाराही महिने लागतं. जून ते सप्टेंबरमध्ये ब्रिकेटची ओल 18-20 टक्क्यांवर गेली की ती हातात सुटते, भुकटी होते आणि न जळता राखेत पडते. तीन महिन्यांचा साठा म्हणजे 200 टन, त्याला छताखालची 1,500 ते 2,000 चौरस फूट कोरडी जागा हवी, खाली ओटा हवा आणि आगीसाठी पाण्याची लाइन हवी. जागा नसेल तर अर्ध्याचं वचन देऊ नका.

पाचटाच्या ब्रिकेट घेऊ नका. पोटॅश आणि क्लोरीन जास्त, त्यामुळे ग्रेटवर चिकट क्लिंकर धरतो, हवा बंद होते आणि फायरमन पहारीने फोडत बसतो. शिवाय पाचट शेतात कुजलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. ते उचलून आपल्या अहवालातला कार्बन कमी करणं मला पटत नाही.

खरेदी टनावर करू नका, उष्णतेवर करा: दर हजार किलोकॅलरीचा भाव, ओल 12 टक्क्यांच्या वर गेली तर कपात, राख 10 टक्क्यांच्या वर गेली तर ट्रक परत. आणि इंधन बदलण्याआधी एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतिपत्रात दुरुस्ती करून घ्या. त्यात फक्त कोळसा लिहिलेला असेल तर चांगलं काम करूनही नोटीस येते.

हिशेबी

एक पुस्ती. ब्रिकेट जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड स्कोप 1 मध्ये धरत नाहीत, पण लपवायचाही नसतो. तो 'जैविक उत्सर्जन' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचा. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप 1 मध्येच. 800 टन ब्रिकेटला ते साधारण 25 टन कार्बनतुल्य होतात, किरकोळ आहे पण ओळ हवी. ऑडिटर तीच ओळ आधी शोधतो.

रंग_आणि_पाणी

मसुद्यातली माझ्या मते सगळ्यात घातक ओळ झेडएलडीची आहे, कारण ती बाकीची उद्दिष्टं खाऊन टाकते. हिशेब मांडतो.

कापसाच्या रिअॅक्टिव्ह डाईंगमध्ये मीठ कुठेच संपत नाही. गडद शेडला लिटरला 60 ते 80 ग्रॅम ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट), लिकर रेशो 1:8, म्हणजे किलो सुतामागे अर्धा किलोहून जास्त मीठ. हलक्या शेडला बरंच कमी. सरासरी 400 ग्रॅम धरा. 50 टन सुताला महिन्याला 20 टन मीठ, वर पाच-एक टन सोडा. हे सगळं तुमच्या 7,500 हजार लिटर पाण्यात उतरतं, म्हणजे लिटरला 3,300 मिलिग्रॅम. त्यात मूळ पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि सॉफ्टनर धुतानाचं मीठ मिळवलं की आकडा 4,000 च्या घरात. बायोलॉजिकल ईटीपी बीओडी, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं) उतरवते. मिठाला ती हात लावू शकत नाही. कापड उद्योगाच्या 2016 च्या मानकांत टीडीएस 2,100, सीओडी 250, बीओडी 30 आहे. तुमचा खरा अडथळा पहिला आकडा आहे.

आता झेडएलडी. रोजचं सांडपाणी सुमारे 225 हजार लिटर. आरओने 90 टक्के परत मिळालं तरी 22 हजार लिटर रिजेक्ट (दाट खारं पाणी) उरतो, टीडीएस 40,000 चा. तो तीन इफेक्टच्या (टप्प्यांच्या) बाष्पीभवन यंत्रात आटवायचा तर हजार लिटरला साधारण 400 किलो वाफ. रोज 9 टन वाफ, म्हणजे रोज 1.8 टन कोळसा, वर्षाला 648 टन, म्हणजे 1,100 टन कार्बन. बॉयलर आणि ब्रिकेटमधून जेवढं कमी होईल, त्यातला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग इथे परत आला. एमव्हीआर (विजेच्या कॉम्प्रेसरवर चालणारं बाष्पीभवन यंत्र) घेतलं तर हजार लिटरला 35 युनिटच्या आसपास वीज, वर्षाला 2.8 लाख युनिट, सुमारे 200 टन कार्बन. यंत्र महाग, पण कार्बनचं उद्दिष्ट जिवंत राहतं. कोणतंही घ्या, शेवटी जो मिश्र मिठाचा चोथा उरतो तो घातक कचरा धरून रांजणगावसारख्या केंद्राला पाठवायचा. त्याचं टनाचं बिल धोरणाच्या अंदाजपत्रकात आहे का?

म्हणून क्रम उलटा करा: आधी मीठ कमी, मग पाणी कमी, मग आरओ, आणि बाष्पीभवन सगळ्यात शेवटी, शक्य तेवढं लहान.

मिठासाठी दोन गोष्टी. पहिली, लिकर रेशो. जुन्या लडी कॅबिनेटमध्ये 1:12 ते 1:15 पाणी जातं. तेच सूत चीजवर (भोकांच्या नळीवर गुंडाळून) 1:6 ते 1:8 मध्ये होतं. मीठ ग्रॅम प्रति लिटरवर मोजतात, म्हणून पाणी अर्धं झालं की मीठही जवळजवळ अर्धं. फक्त चीजची घनता सगळीकडे सारखी ठेवा, घट्ट गुंडाळलेल्या चीजचं पोट फिकट राहतं आणि रीडाईंगमध्ये वाचवलेलं सगळं परत जातं. दुसरी, उच्च फिक्सेशनचे (सुताला जास्त चिकटणारे) बायफंक्शनल रंग. कमी मिठात बसतात आणि न चिकटलेला रंग कमी सुटल्यामुळे सोपिंगचे बाथ वाचतात.

नाले वेगळे करा. डाईंगचा पहिला ड्रेन आणि त्याच्या पाठचा पहिला धुवा, एवढ्यात बहुतेक सगळं मीठ असतं आणि पाणी एकूणाच्या 15 टक्क्यांच्या आसपास. तो वेगळ्या टाकीत घेतला, नॅनोफिल्टरने रंग काढला, तर मिठाचं पाणी पुढच्या गडद शेडला परत वापरता येतं. वापरण्याआधी घनता आणि पीएच दोन्ही तपासा. सोडा राहिलेला असतो, आणि सुरुवातीलाच पीएच चढलेला असेल तर रंग घाईने बसून डाग पडतात. बाकीचं 85 टक्के पाणी मग साध्या आरओला सोपं जातं. नाले एकत्र असताना आरओ बसवला की मेम्ब्रेन मिठाने आणि सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) पीव्हीएने लवकर गारद होतात.

पाण्याची 30 टक्के घट मला जमण्यासारखी वाटते. तुमचं तयार मालाच्या किलोला 100 लिटर आहे, 70 वर यायचंय. ओव्हरफ्लो धुवा बंद करून भरा-सोडा पद्धत. पेरॉक्साइड ब्लीचनंतर कॅटलेज एन्झाइम, त्याने एक-दोन धुवे वाचतात. हीट एक्स्चेंजरचं थंड करायचं पाणी वेगळ्या टाकीत, ते स्वच्छ आणि गरम असतं, थेट पुढच्या बाथला घ्या. शेवटच्या धुव्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुव्याला. पण उद्दिष्ट 'एकूण पाणी' असं लिहू नका, 'रंगवलेल्या किलोमागे लिटर' असं लिहा आणि पांढऱ्या मालाचं वेगळं. नाहीतर ज्या वर्षी पांढऱ्याच्या ऑर्डर जास्त, त्या वर्षी काहीच न करता उद्दिष्ट गाठलं जाईल.

आणि धोरणात उजनी धरणाचं नाव असू द्या. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात गेलं होतं, शहरात पाणी काही दिवसांआड येत होतं. या शहरात टँकरचं पाणी मोजणं ही नैतिक गोष्ट आहे. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, ते लिहून ठेवा. एमआयडीसीच्या मीटरवर कमी दिसलं आणि टँकर वाढले, तर ती बचत नव्हे.

टॉवेल_एक्स्पोर्ट

फार उपयोगी पडतंय, आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. महिन्याला 15 टन सूत बाहेर जॉबवर्कवर रंगवून घेतो, ते वरच्या 50 टनांत नाही. आणि सल्लागार म्हणतो, झेडएलडी टाळायची असेल तर गडद शेड पूर्ण बाहेर द्या, तुमचं टीडीएसही सुटेल आणि कार्बनही. आमची नॅनोफिल्टरची तयारी आहे, पण एमव्हीआरएवढी गुंतवणूक लगेच शक्य नाही.

हिशेबी

मालक, हे अजिबात करू नका. गडद शेड बाहेर दिली की तुमचा स्कोप 1 उतरेल आणि तेच उत्सर्जन स्कोप 3 मध्ये (पुरवठादारांकडच्या उत्सर्जनात) जाऊन बसेल. धूर त्याच हवेत, मीठ त्याच जमिनीत, फक्त दुसऱ्याच्या प्लॉटवरून, आणि बहुधा तुमच्यापेक्षा साध्या ईटीपीतून. खरेदीदार आता जॉबवर्कच्या युनिटची नावं मागतात. एकदा का 'आकडा बाहेर ढकलला' हे दिसलं की बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास जातो.

धोरणात सीमा स्पष्ट लिहा: 'आमच्या मालाचं डाईंग आणि सायझिंग कुठेही झालं तरी ते या उद्दिष्टात धरलं जाईल.' जॉबवर्कवाल्याकडून दर महिन्याला तीन आकडे घ्या: इंधन, वीज, पाणी, आणि त्याच्या एकूण मालातला तुमचा हिस्सा. तो देत नसेल तर तुमचाच किलोचा आकडा त्याला लावा, शून्य कधीच नको. आणि आधार वर्षातही ते 15 टन मिळवून घ्या, म्हणजे पुढे काम आत आणलं तरी तुलना बिघडणार नाही.

आधार वर्ष 2024-25 ठीक आहे. कुणी 2020-21 सुचवलं तर नको म्हणा, लॉकडाऊनमुळे ते वर्ष मोडकं आहे.

छत_आणि_वीज

सोलरबद्दल थोडक्यात. सोलापुरात एका किलोवॉटला वर्षाला 1,400 ते 1,500 युनिट धरायला हरकत नाही. किलोवॉटला 100 चौरस फूट. सिमेंटच्या पत्र्यांवर पॅनेल नको. पत्रे ठिसूळ होतात, धुवायला चढलेला माणूस खाली पडतो, आणि जुन्या पत्र्यांत अॅसबेस्टॉस असतं, त्यात भोकं पाडणं धोक्याचं. तुमच्याकडे धातूच्या पत्र्यांचा 20,000 चौरस फूट भाग निघाला तर 200 किलोवॉट. त्यातून 2.9 लाख युनिट, म्हणजे 211 टन कार्बन. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ट्रस तपासून घ्या, चौरस मीटरला 12-15 किलो जादा वजन आणि वाऱ्याचा उचल वेगळा.

शेडचे एक्झॉस्ट पंखे ज्या बाजूला कापसाची तूस फेकतात तिथे पॅनेल लावू नका. तूस आणि दव मिळून थर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन जास्त असूनही उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी दिसेल, तो बिघाड नव्हे. पॅनेल तापलं की दर अंशाला 0.35 ते 0.4 टक्के घट होते.

आणखी 200 किलोवॉट ग्रीन ओपन अॅक्सेसमधून (बाहेरच्या प्रकल्पाची हरित वीज ग्रिडमार्गे घेऊन). 2022 च्या नियमांनी मर्यादा 100 किलोवॉटवर आली आहे. ग्रुप कॅप्टिव्ह (काही कारखान्यांनी मिळून प्रकल्प) केलं तर वापरणाऱ्यांकडे मिळून 26 टक्के भागभांडवल आणि 51 टक्के विजेचा वापर हवा. करार करण्याआधी चालू टॅरिफ आदेशातले टीओडी स्लॉट (वेळेनुसार बदलणारा दर) आणि बँकिंगची (जादा वीज ग्रिडमध्ये ठेवून नंतर घेण्याची) अट वाचा. तुमचे माग रात्रपाळीलाही चालतात, दिवसाचं सोलर रात्री मोजून मिळेल असं गृहीत धरू नका. त्यामुळे '100 टक्के अक्षय वीज' ही ओळ मी आत्ता तरी लिहिणार नाही. 2030-31 पर्यंत 25 टक्के लिहा, तेवढं 400 किलोवॉटमधून जवळजवळ निघतं.

शेजारी फताटेवाडीला एनटीपीसीचा 1,320 मेगावॉटचा प्रकल्प आहे म्हणून वेगळा गुणांक लागत नाही, ग्रिडचा गुणांक देशभर एकच. हा प्रश्न ऑडिटच्या बैठकीत नेहमी निघतो.

कॉम्प्रेसरही बघा. एअरजेट माग असतील तर दाब एक किलोने उतरवला की कॉम्प्रेसरची वीज 6-7 टक्क्यांनी उतरते. रविवारी सगळे माग बंद असताना कॉम्प्रेसर चालवून तो किती वेळ लोडवर राहतो ते मोजा. तोच गळतीचा आकडा, आणि तो 30 टक्के निघाला तरी नवल नाही.

पूर्वभाग

सगळी चर्चा टनांची आणि युनिटांची चालली आहे. मसुद्यात कामगारांबद्दल काय लिहिलंय ते प्रश्नात आलेलंच नाही, म्हणून सांगतो. 'आम्ही सुरक्षित कामाला बांधील आहोत' एवढंच वाक्य असेल तर खरेदीदाराच्या सामाजिक ऑडिटमध्ये ते टिकत नाही, आणि टिकूही नये.

माग खात्यात आवाज मोजा. शटलच्या मागांवर 95 ते 100 डेसिबल सहज असतो. आठ तासांच्या पाळीला मर्यादा 90 ची. कानाचे प्लग वाटून भागत नाही. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी), आणि ज्याची श्रवणशक्ती उतरतेय त्याला पगार न कापता शिलाई-पॅकिंगला हलवायची तरतूद, हे उद्दिष्टात लिहा. तूस उडते तिथे वर्षातून एकदा फुप्फुसांची चाचणी.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 42-44 ला जातो आणि मागाला सूत तुटू नये म्हणून आर्द्रता वाढवलेली असते. दमट उष्णता माणसाला जास्त लवकर पाडते. वेट बल्ब तापमान (ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं, आर्द्रता धरणारं) रोज दुपारी लिहा, त्यावर विश्रांतीचे मिनिट ठरवा. पीसरेटवर काम असेल तर विश्रांतीचा वेळ भरून द्यावा लागेल, नाहीतर कुणी थांबणार नाही. ड्रायर आणि बॉयलरच्या लाइनचं इन्सुलेशन इथेही उपयोगी: कोळसाही वाचतो, खातंही थंड राहतं.

आणि सूचना फक्त मराठी-इंग्रजीत लावू नका. तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी मंडळी आपल्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रसायनांचे पत्रक आणि तक्रारीचा नंबर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत हवा.

बाष्प_विभाग

पूर्वभाग यांचं बरोबर आहे. फायरमनलाही त्यात धरा, राख काढताना मास्क आणि जाड हातमोजे नसतात.

42 टक्क्यांवर माझं मत: बॉयलरचे 398, अर्ध्या ब्रिकेटचे 1,127, सोलरचे 422, बेरीज 1,947 टन, म्हणजे 43 टक्के. कागदावर बसतं. पण यात एक टक्काच मोकळा आहे. एक पावसाळा ब्रिकेट मिळाली नाही तर उद्दिष्ट चुकलं. आरओ चालवायलाही वर्षाला दोन-अडीच लाख युनिट लागतील, ते या बेरजेत नाहीत. मी 35 लिहीन.

हिशेबी

मी 42 ठेवीन, पण दोन पायऱ्यांत आणि अट उघड लिहून. 35 लिहिलं की खरेदीदाराच्या यादीत तुम्ही 1.5 अंशाच्या मार्गाबाहेर दिसता, आणि एकदा खाली लिहिलेला आकडा कुणी वर नेत नाही. तेवढ्यासाठी ब्रिकेटचा साठा 200 ऐवजी 300 टन करा, किंवा शिलाई-पॅकिंगच्या जुन्या मोटारी आयई3 (जास्त कार्यक्षम वर्गाच्या) करा, मोकळीक वाढेल.

शब्द असे सुचवतो:

'आधार वर्ष 2024-25. स्कोप 1 आणि 2, आमच्या जॉबवर्क डाईंगसह. 2027-28 पर्यंत 20 टक्के आणि 2030-31 पर्यंत 42 टक्के घट, एकूण टनांत. कार्बन क्रेडिट यात धरलेलं नाही. जैविक उत्सर्जन वेगळं दाखवलं आहे. रंगवलेल्या किलोमागे पाणी 2030-31 पर्यंत 30 टक्के कमी, टँकरसह. मिठाचं प्रमाण रंगवलेल्या किलोमागे 2027-28 पर्यंत 25 टक्के कमी. सांडपाण्याचा पुनर्वापर टप्प्याटप्प्याने. बाष्पीभवन यंत्राचा निर्णय नाले वेगळे केल्यानंतरच्या बारा महिन्यांच्या मोजणीवर.'

झेडएलडीची तारीख संमतिपत्रात असेल तर ती पाळावीच लागेल, धोरणातल्या शब्दांनी ती हलत नाही. तेव्हा सही करण्याआधी संमतिपत्रातल्या अटी काढून वाचा. 2040 चं नेट झिरो वगळा. सुताचं, म्हणजे कापसाचं उत्सर्जन स्कोप 3 मध्ये येतं, ते मोजलेलंच नसताना नेट झिरोला अर्थ नाही. त्याऐवजी 2026-27 मध्ये सुताच्या पुरवठादारांचा आकडा गोळा करू एवढं लिहा.

रंग_आणि_पाणी

मिठाची ओळ घातलीत ते उत्तम. ती मोजायची कशी तेही खाली लिहा, नाहीतर स्टोअरची खरेदी मोजली जाईल आणि डिसेंबरला भाव स्वस्त म्हणून भरलेला साठा त्या वर्षाच्या माथी बसेल. डाईंगच्या लॉट कार्डवर प्रत्यक्ष टाकलेलं मीठ, लॉटचं वजन आणि ड्रेनचा टीडीएस, हे तीन रकाने हवेत. हातात धरायचा टीडीएस मीटर गडद शेडच्या मिठाएवढा टीडीएस मोजू शकणारा घ्या. पिण्याच्या पाण्याचा स्वस्त मीटर पहिल्या ड्रेनमध्ये बुडवला तर आकड्याऐवजी एररच दिसेल. सॉफ्टनरला लागलेलं मीठ वेगळ्या रजिस्टरमध्ये, कारण तिथे ग्लॉबर नव्हे, साधं मीठ जातं, आणि क्लोराइड जास्त झालं की आरओच्या स्टीलच्या पाइपांना गंज धरतो.